स्वच्छ टाकीत मासे का मरतात?

महिन्यातल्या एका रविवारी मासे बादलीत काढायचे, टाकीतलं सगळं पाणी मोरीत ओतायचं, तळाची खडी घमेल्यात घेऊन पाणी नितळ निघेपर्यंत तांदळासारखी धुवायची, फिल्टरचा स्पंज नळाखाली धरून मूळ रंग दिसेपर्यंत पिळायचा, काचा आतून घासायच्या आणि ताज्या पाण्यात मासे परत सोडायचे. आपल्याकडे घरोघरी फिशटँक असाच राखला जातो. दुकानदार हेच सांगतो, शेजारी हेच करतात, आणि काचेपलीकडचं लख्ख पाणी पाहून कष्टांचं चीज झाल्यासारखं वाटतं. मग तीन-चार दिवसांनी एखादी मॉली पंख मिटून तळाशी बसते, एंजल वर येऊन तोंडाची उघडझाप करू लागतो आणि आठवडा संपायच्या आत एखादा मासा आडवा होतो. दोष माशाच्या जातीवर जातो, दुकानावर जातो, किंवा घरावरचं संकट त्यानं अंगावर घेतलं असं म्हणून विषय मिटतो. रविवारच्या धुण्यावर कुणी संशय घेत नाही. माझं म्हणणं असं की पुष्कळदा हे मासे त्या धुण्यानंच मरतात.

पूर्वपक्ष आधी न्यायानं मांडायला हवा, कारण तो अडाणीपणातून आलेला नाही. फिल्टर नसलेल्या गोल बाऊलमध्ये गोल्डफिश ठेवला, तर त्याची घाण बाहेर जायला पाणी बदलण्यावाचून दुसरी वाटच नसते. जुन्या पिढीनं मासे पाळले ते अशाच भांड्यांत. तिथे रोज-दोन रोजांनी पाणी बदलणारा मासे जगवत होता आणि न बदलणारा मारत होता. शिवाय पाणी बदलल्याबरोबर मासे टवटवीत होतात, हेही खरं आहे. अनुभव खरा आणि रीतही एका काळी योग्य. चूक झाली ती पुढे. टाकीला फिल्टर आला, खडी आली, चोवीस तास चालणारा पंप आला, तरी बाऊलचा नियम तसाच राहिला. नव्या टाकीत घाण निस्तरण्याचं काम दुसरंच कुणी करू लागलं होतं, त्याची दखल कुणी घेतली नाही.

ही घाण म्हणजे काय? डोळ्यांना दिसते ती विष्ठा आणि कुजलेलं खाद्य. माशाला पहिल्यांदा मारतो तो मात्र न दिसणारा अमोनिया. मासा तो मुख्यतः कल्ल्यांवाटे सतत सोडत असतो, आणि उरलेलं खाद्य कुजलं की त्यात भर पडते. तो पाण्यात विरघळतो, पाण्याला रंग देत नाही. पाणी आरशासारखं असेल आणि तरीही त्यात मासे गुदमरत असतील, असं सहज होऊ शकतं. त्याचं विषारीपण पाण्याच्या पीएचवर ठरतं. पंचवीस अंश तापमानाला पीएच ७ असेल, तर एकूण अमोनियापैकी जेमतेम अर्धा टक्का विषारी रूपात असतो. पीएच ८ झाला की तोच वाटा पाच टक्क्यांवर जातो. अमोनिया तेवढाच, विष दसपट. हा आकडा लक्षात ठेवावा, पुढे तो लागणार आहे.

अमोनियाचं पुढे काय होतं, याचा छडा मत्स्यशौकिनांनी लावला नाही. तो लागला सांडपाण्यात आणि शेतजमिनीत. १८७७ मध्ये श्लोझिंग आणि म्युंट्झ या फ्रेंच शास्त्रज्ञांनी वाळू आणि चुनखडीच्या थरातून सांडपाणी संथपणे झिरपू दिलं. पहिले वीसेक दिवस काहीच घडलं नाही, अमोनिया आत जाई तसाच बाहेर येई. त्यानंतर तो नाहीसा होऊन त्याच्या जागी नायट्रेट येऊ लागलं. थरावर क्लोरोफॉर्मची वाफ सोडताच ही क्रिया थांबली. हे काम निव्वळ रसायनांचं नाही, तिथे काहीतरी जिवंत आहे, हे त्यावरून सिद्ध झालं. आजचा कुठलाही फिशटँक फिल्टर हाच प्रयोग पुन्हा करत असतो, सुरुवातीच्या त्या वांझ दिवसांसकट.

या इतिहासात बापलेकांची एक जोडी आहे आणि ती मला फार मोलाची वाटते. लंडनचे रसायनज्ञ रॉबर्ट वॉरिंग्टन यांनी १८५० मध्ये गोल्डफिश, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती आणि गोगलगायी एकाच काचपात्रात ठेवून पाणी न बदलता ते जगवून दाखवले आणि केमिकल सोसायटीपुढे त्याचा वृत्तांत ठेवला. वनस्पती प्राणवायू देतात, मासे कार्बन डायऑक्साइड देतात, गोगलगायी सडकी पानं खातात, अशी त्यांची मांडणी होती. तिच्यातूनच 'समतोल टाकी'ची कल्पना रुजली. पण या समतोलाचा चौथा भागीदार त्यांना दिसला नव्हता. त्यांचंच नाव धारण करणारे चिरंजीव रॉबर्ट वॉरिंग्टन पुढे रोथॅमस्टेडच्या शेती संशोधन केंद्रात नेमक्या त्याच भागीदाराच्या मागावर लागले. अमोनियाचं नायट्राइट करणारे जीव वेगळे आणि नायट्राइटचं नायट्रेट करणारे वेगळे, हे त्यांनी दाखवलं. त्या जीवांना वेगळं काढण्यात त्यांना यश आलं नाही. ते १८९० च्या सुमारास सेर्गेई विनोग्राड्स्की यांनी साधलं. वडिलांच्या काचपात्राचं उत्तर मुलाच्या मातीत होतं.

या बॅक्टेरियांविषयीची आपली माहिती अजूनही सुधारते आहे. नायट्राइटचं काम नायट्रोबॅक्टर करतो असं मत्स्यपालनाची पुस्तकं कितीतरी वर्षं सांगत होती. १९९८ मध्ये होव्हॅनेक आणि सहकाऱ्यांनी गोड्या पाण्याच्या टाक्या तपासल्या, तेव्हा ते काम नायट्रोस्पिराच्या गोतावळ्यातले जीव करत असल्याचं आढळलं. २०१५ मध्ये तर अमोनियापासून नायट्रेटपर्यंतचे दोन्ही टप्पे एकट्यानं पार करणारे नायट्रोस्पिरा सापडले, आणि त्यांतले काही मत्स्यपालनाच्याच फिल्टरमधले होते. नावं बदलली, पण आपल्या वादाला लागणाऱ्या दोन गोष्टी बदलल्या नाहीत. हे जीव पाण्यात फारसे तरंगत नाहीत. स्पंज, खडी, काच, पाइप अशा पृष्ठभागांना बुळबुळीत थर करून ते चिकटून राहतात. आणि ते अतिशय सावकाश वाढतात. पोटातले काही जंतू वीस मिनिटांत दुप्पट होतात, यांना त्यासाठी कित्येक तास, कधी दिवसही लागतात. म्हणूनच नवी टाकी बसायला चार ते सहा आठवडे जातात.

आता रविवारकडे वळू. पिण्याच्या पाण्यात किमान ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर मोकळं क्लोरिन उरावं, अशी भारतीय मानकाची अपेक्षा आहे. माणसाच्या आरोग्यासाठी ते आवश्यकच आहे. गोड्या पाण्यातल्या जीवांना थोड्या वेळापुरती चालेल अशी अमेरिकी पर्यावरण संस्थेची मर्यादा मात्र ०.०१९ आहे, म्हणजे त्याच्या दहाव्या हिश्शाहून कमी. असं पाणी जोरात सोडून स्पंज पिळला की बॅक्टेरियांचा थर बराचसा धुपून जातो, उरलेल्यातले पुष्कळ क्लोरिननं मरतात. त्याच दिवशी खडी धुतलेली, काचा घासलेल्या. नव्या पाण्यात अमोनिया शून्य, म्हणून त्या संध्याकाळी मासे आनंदात. दुसऱ्या दिवसापासून अमोनिया साठू लागतो आणि तो पचवायला पुरेसे बॅक्टेरिया उरलेले नसतात. पुढे नायट्राइट चढतं. ते कल्ल्यांतून रक्तात शिरून प्राणवायू वाहण्याची ताकद हिरावतं, रक्त तपकिरी पडतं, आणि पंप जोरात चालू असूनही मासा पृष्ठभागावर धापा टाकतो. घरातली मंडळी म्हणतात, रोग आला. दुकानातून निळं औषध आणून थेंब-थेंब टाकलं जातं. ते मिथिलिन ब्लू असेल तर कसेबसे तगलेले बॅक्टेरियाही त्यानं मरू शकतात. दुकानदाराच्या जुन्या सल्ल्यांपैकी चिमूटभर खडेमिठाचा सल्ला मात्र इथे खरा ठरतो, कारण मिठातलं क्लोराइड कल्ल्यांपाशी नायट्राइटची वाट अडवतं.

यावर पहिला आक्षेप येतो: आम्ही वर्षानुवर्षं असंच धुतो, आमचे मासे आहेत की. असतील. मोठ्या टाकीत चार गप्पी असतील तर अमोनियाच इतका थोडा की कोपऱ्याकापऱ्यात उरलेला थरही तो निभावतो. फायटर हवेतून श्वास घेऊ शकतो, म्हणून पाणी बिघडलं तरी तो बराच काळ तग धरतो. पण नीट ठेवलेला गोल्डफिश दहा वर्षं आणि त्याहूनही जास्त जगतो. तो दीड-दोन वर्षांत गेला आणि आपण 'चांगला जगला' म्हणालो, तर आपली अपेक्षाच खाली आली आहे.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. डिस्कसची पैदास करणारे जाणकार रोज निम्मं किंवा त्याहून अधिक पाणी बदलतात, त्यांचे मासे का मरत नाहीत? या प्रश्नानं माझी बाजू मोडत नाही, उलट नेमकी होते. ते बदलतात ते पाणी, आणि बॅक्टेरिया पाण्यात राहत नाहीत. त्यांचा स्पंज जागच्या जागी असतो, नवं पाणी आधी साठवून क्लोरिन घालवलेलं, तापमान जुळवलेलं असतं. तेव्हा 'जास्त पाणी बदललं की बॅक्टेरिया जातात' हे थोडं वाचलेल्या शौकिनांचं मतही तितकंच चुकीचं आहे. गुन्हा पाणी बदलण्याचा नाही. सगळे पृष्ठभाग एकाच दिवशी, क्लोरिनच्या पाण्यानं धुण्याचा आहे.

याच चुकीच्या मताचं टोक म्हणजे वर्षभर पाणीच न बदलणारे. वॉरिंग्टनच्या काचपात्राचा दाखला त्यांच्या कामाचा नाही. तिथे भांडं मोठं, मासे लहान आणि वनस्पती भरपूर होती. भरगच्च टाकीत बॅक्टेरिया अमोनिया पचवतात तेव्हा पाण्याची क्षारता, म्हणजे पीएच टिकवून धरण्याची ताकद, खर्ची पडते: एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सुमारे सात मिलिग्रॅम. नुसतं बाष्पीभवनानं कमी झालेलं पाणी भरत राहिलं तर पीएच घसरत सहाच्या खाली जातो, बॅक्टेरिया मंदावतात आणि अमोनिया साठतो, पण आम्लधर्मी पाण्यात तो जवळजवळ निरुपद्रवी रूपात पडून असतो. मासे सुस्तावलेले तरी जिवंत. मग पाहुणे यायचे म्हणून कुणीतरी एकदम पाऊण टाकी बदलतं. बोअरवेलचं जड पाणी पडतं, पीएच आठवर उडी मारतो, मागे उरलेला अमोनिया विषारी होतो आणि सकाळी निम्मे मासे गेलेले असतात. घरमालक निष्कर्ष काढतो की पाणी बदलणंच घातक. अशा टाकीत रोज दहावा हिस्सा पाणी बदलत आठ-दहा दिवसांत पूर्वपदावर यावं लागतं.

मग करावं काय? आठवड्याला पाव टाकी पाणी बदलावं, तळातली घाण नळीनं ओढून. नवं पाणी आदल्या रात्री बादल्यांत भरून उघडं ठेवावं किंवा त्यात क्लोरिन घालवणारे हायपोचे खडे टाकावेत. स्पंजमधून पाण्याची धार मंदावली, तरच तो धुवायचा, आणि तोही टाकीतून काढलेल्या पाण्याच्या बादलीत. दोन-तीनदा हलक्या हातानं दाबला की चहाच्या रंगाचा गाळ निघतो. त्याला पावसाळ्यातल्या मातीचा वास येतो, सडका वास येत नाही. तेवढं पुरे. स्पंज तपकिरीच दिसायला हवा. ज्या आठवड्यात स्पंज धुतला, त्या आठवड्यात खडीला हात लावू नये. खाद्य दोन मिनिटांत संपेल एवढंच. आणि कुठलंही औषध विकत घेण्याआधी अमोनियाचा टेस्ट किट घ्यावा. परीक्षानळीतला पिवळा रंग हिरव्याकडे झुकला, तर इलाज पाण्यावर करायचा आहे, माशावर नाही.

नव्या टाकीसाठी एक गोष्ट तर फुकटात होते. ज्याची टाकी वर्षभर नीट चालली आहे आणि मासे निरोगी आहेत, अशा ओळखीच्या माणसाकडून वापरलेल्या स्पंजचा तुकडा किंवा मूठभर सिरॅमिक रिंग्ज मागून आणाव्यात. त्याच्याच टाकीच्या पाण्यात बुडवून, डब्याचं झाकण सैल ठेवून आणाव्यात, न धुता आपल्या फिल्टरमध्ये घालाव्यात, आणि पहिले मासे दोन-तीनच, त्याच दिवशी सोडावेत. कारण खायला अमोनिया मिळाला नाही, तर ते बॅक्टेरियाही उपाशी राहतात.