तीन पानांचा खेळ आणि त्याची वंशावळ

गौरी जेवल्या कीं त्या रात्रीं जागरणासाठीं पत्त्यांचा कॅट बाहेर काढावयाचा, ही आमच्या पनवेलच्या घरची जुनी चाल आहे. आजोबांच्या वेळीं माजघरांत बिझिक चाले. वडिलांच्या वेळीं रमी आली. मुलांचें पांच-तीन-दोन आणि झब्बू ओटीवर निराळें रंगे. तीन पानांचा खेळ मात्र आमच्या घरांत कधींच मांडला गेला नाहीं. त्याचें नांव निघे तें कुणाच्या तरी नाशाची हकीकत सांगतांना, आणि तेंहि आवाज खालीं आणून. तेव्हां वयाच्या पंचावन्नाव्या वर्षीं मीं हा खेळ पुतण्याकडून रीतसर शिकून घेतला, असें सांगितल्यावर वाचकांपैकीं कांहींच्या भुंवया वर चढतील, हें मी जाणून आहें. पण जन्मभर इतिहास शिकविणाऱ्या माणसाला एखाद्या वस्तूच्या कुळाचा माग लागला म्हणजे ती वस्तु फार दिवस दूर ठेववत नाहीं. शिवाय या खेळासंबंधीं देशाच्या सर्वोच्च न्यायालयानें दिलेला एक अभिप्राय माझ्या मनांत घोळत होता; तो खरा कीं खोटा, हें पानें हातीं धरल्याशिवाय कळणारें नव्हतें.

नियम तासाभरांत समजण्याजोगे आहेत. बावन पानांचा कॅट, जोकर नाहीं. आरंभीं प्रत्येकानें सारखी रक्कम मध्यें टाकावयाची, तिला 'बूट' म्हणतात. मग प्रत्येकास तीन पानें उपडीं वाटतात. पानें बदलून मिळत नाहींत, एक टाकून दुसरें उचलतां येत नाहीं. हातीं आलें तें आलें. त्यानंतर पाळीपाळीनें 'चाल' करावयाची, म्हणजे आणखी पैसे टाकावयाचे, नाहीं तर पानें मिटून 'पॅक' व्हावयाचें. शेवटीं दोघेच उरले म्हणजे एकानें पैसे भरून 'शो' मागावा. ज्याचीं पानें वरचढ, त्याचा डाव. परंतु बाकीचे सगळेच पॅक झाले तर उरलेला एकटा सारी रक्कम उचलतो, आणि आपलीं पानें कोणास दाखविण्याचेंहि त्याला कारण नसतें. खेळाची सारी गोम या शेवटच्या कलमांत आहे.

दुसरी गोम 'ब्लाइंड'ची. आपलीं पानें न पाहतांच खेळण्याची मुभा प्रत्येकास असते, आणि पानें पाहिलेल्यास त्याच्या दुप्पट रक्कम टाकावी लागते. अज्ञानाला अर्धी पट्टी आणि ज्ञानाला दुप्पट, असा कर जगांत दुसरीकडे कोठें पाहिल्याचें मला आठवत नाहीं. इतकेंच नव्हे, तर शेवटच्या दोघांत एक आंधळा आणि एक डोळस उरला, तर डोळसाला शो मागण्याचा अधिकार नाहीं. आंधळा मागेल तेव्हांच. पानें पाहिलेले दोन शेजारी मात्र एकमेकांचीं पानें गुपचूप ताडून पाहूं शकतात, तो 'साइड शो'. आणि तो नाकारतांहि येतो.

बूट, ब्लाइंड, पॅक, शो, कलर, सिक्वेन्स. एक 'चाल' सोडली तर बहुतेक सारी परिभाषा इंग्रजी, आणि हा खेळ रात्र-रात्र खेळणाऱ्या पुष्कळांना इंग्रजीचें एक वाक्यहि येत नाहीं! शब्द वस्तूच्या पाठीवर बसून प्रवास करतात. आपल्या किलवराला डच भाषेंत 'क्लाव्हर' म्हणतात, हें ऐकलें म्हणजे आपल्या किनाऱ्यावर कोणकोण येऊन गेलें याची आठवण होते. बदाम आणि चौकट हीं मात्र आपण आपल्या डोळ्यांनीं पाहून ठेविलेलीं नांवें. याहून जुना खेळ गंजिफांचा. बाबरानें १५२७ सालीं सिंधच्या शाह हसनाकडे गंजिफा पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मवृत्तांत आहे, आणि आमच्याच कोकणांत सावंतवाडीस दशावतारी गंजिफेचीं एकशें वीस गोल पानें चितारी अजून रंगवितात. तो खेळ स्मरणशक्तीचा. तिघांनीं चाळीस-चाळीस पानें घ्यावीं, कोणतें पान पडून गेलें तें ध्यानांत ठेवावें, आणि शेवटचें पान पडेपर्यंत उठूं नये. तीन पानांच्या खेळाचें गंजिफेशीं कांहींच नातें नाहीं. त्याचें कूळ समुद्रापलीकडलें आहे.

इंग्लंडांत चार्ल्स कॉटन यानें १६७४ सालीं पत्त्यांच्या खेळांवर जें पुस्तक काढलें त्यांत 'पोस्ट अँड पेअर' नांवाचा तीन पानांचा खेळ वर्णिलेला आहे. पुढल्या शतकांत त्याच कुळांतला 'ब्रॅग', म्हणजे बढाई, हा खेळ रंगांत आला. आणि ज्याच्या नांवानें पत्त्यांचे नियम आजहि सांगितले जातात त्या एडमंड हॉइलनें १७५१ मध्यें ब्रॅगवर एक छोटें पुस्तक लिहिलें. अमेरिकेंत मिसिसिपीच्या आगबोटींवरून पसरलेला पोकर हा या ब्रॅगचा धाकटा भाऊबंद. पोकर पांच पानांचा झाला, पानें बदलून घेण्याची सोय त्याला पुढें मिळाली, आणि तो जगभर गेला. ब्रॅग मागें राहिला, पण गोऱ्या पलटणींत टिकला; आपल्याकडे तो त्या छावण्यांतूनच आला असावा असें मला वाटतें. आंधळ्याकडून शो मागतां येत नाहीं, हा नियम इंग्लंडच्या ब्रॅगमध्यें शब्दशः तसाच आहे. बापाच्या नाकावरून मुलगा ओळखावा, तसा हा नियम पाहून मीं हा खेळ ओळखला.

नात्याचा याहून मोठा पुरावा हातांच्या क्रमांत सांपडतो. बावन पानांतून तीन पानें २२,१०० प्रकारांनीं येऊं शकतात. त्यांत तिन्ही पानें सारखीं, म्हणजे 'ट्रेल', ५२ प्रकारांनीं, एकाच रंगाचा क्रम, म्हणजे 'प्युअर सिक्वेन्स', ४८ प्रकारांनीं, साधा क्रम ७२०, नुसता कलर १,०९६, जोडी ३,७४४, आणि बाकीचीं १६,४४० पानें निव्वळ फुटकळ. आतां पहा. जें दुर्मिळ तें श्रेष्ठ, हा न्याय लावला तर ४८ वाल्या प्युअर सिक्वेन्सनें ५२ वाल्या ट्रेलच्या डोक्यावर बसावयास हवें होतें. पण सर्वत्र ट्रेलच सर्वांत वर. ही काय चूक आहे? ज्यांनीं क्रम लावला त्यांना गणित येत नव्हतें असें म्हणावें, तर साध्या क्रमाला त्यांनीं कलरच्या वर बसविलें आहे, आणि तें अगदीं बिनचूक आहे. पांच पानांच्या पोकरांत याच्या उलट कलर वर आणि क्रम खालीं असतो, कारण तेथें कलर ५,१०८ आणि क्रम १०,२०० प्रकारांनीं येतो. म्हणजे हिशेब करणारे डोळे उघडे ठेवूनच करीत होते.

मला याचा उलगडा असा दिसतो. अठराव्या शतकांतल्या ब्रॅगमध्यें क्रम आणि कलर यांना मुळीं किंमतच नव्हती. तीन सारखीं किंवा दोन सारखीं, एवढेच दोन मान. क्रम आणि कलर मागाहून, एकोणिसाव्या शतकांत, पंक्तीला येऊन बसले. नव्या पाहुण्यांना आपापसांत गणितानें पाट मांडून दिले. पण घरच्या वडीलधाऱ्याला त्याच्या पाटावरून कोणी उठविलें नाहीं. चार प्रकारांचा फरक तो काय! ट्रेलचा मान गणिताचा नव्हे, वडीलकीचा आहे. पनवेलच्या कट्ट्यावर तीन एक्के आपटणाऱ्या पोराला हें ठाऊक नसलें तरी तो अडीचशें वर्षांमागची एक इंग्रजी रूढि पाळीत असतो.

डाव खेळावा कसा, याविषयीं पुतण्यानें मला जें सांगितलें तें थोडें आणि शहाणपणाचें होतें. पहिल्या दोन-तीन चाली ब्लाइंड कराव्या. राणीखालचें मोठें पान असेल तर मुकाट पॅक व्हावें. जोडीवर चालावें, पण साइड शो मागून. आणि फारच मोठीं पानें आलीं तर घाईनें रक्कम वाढवूं नये, नाहीं तर सगळे उठून जातात. मीं त्यांत आंकडे भरून पाहिले. चार हातांपैकीं जवळजवळ तीन हातांत जोडीसुद्धां नसते. पांच जण बसले असतां बाकीच्या चौघांतहि कोणाजवळ जोडी नसण्याचा संभव शंभरांत सुमारें तीस. तेव्हां साध्या जोडीवर घाबरूं नये आणि एकट्या एक्क्यावर फुगूं नये. इतकें कळलें कीं पानांविषयीं कळण्यासारखें संपलें. उरलेला सारा खेळ समोरच्या माणसाच्या चेहऱ्याचा आणि त्याच्या खिशाचा.

आतां तो न्यायालयाचा अभिप्राय. १८८७ चा मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा निव्वळ कौशल्याच्या खेळाला हात लावीत नाहीं. तेव्हां अमुक खेळ कौशल्याचा कीं दैवाचा, हा प्रश्न कोर्टांत पुनःपुन्हां उभा राहिला. सिकंदराबादच्या एका क्लबाच्या खटल्यांत १९६७ सालीं न्यायमूर्ति हिदायतुल्ला यांनीं रमीला कौशल्याच्या बाजूला बसविलें, कारण तेथें पडलेलीं पानें लक्षांत ठेवावीं लागतात आणि काय राखावें, काय टाकावें हें ठरवावें लागतें. त्याच निकालांत फ्लश, ब्रॅग वगैरे नांवांचा तीन पानांचा खेळ निव्वळ दैवाचा, असें एका वाक्यांत म्हटलें आहे. ब्रॅगचें नांव न्यायालयानेंहि घ्यावें, याचा वंशावळ शोधणाऱ्याला आनंदच होतो. पण 'निव्वळ दैव' हें मला पटेना. ज्याच्या हातीं फुटकळ पानें आहेत तो ट्रेलवाल्यालाहि पळवून लावतो, तें काय दैव?

खेळून पाहिल्यावर माझा आक्षेप अर्धा उरला. कौशल्य आहे, पण तें पानांत नाहीं, पैशांत आहे. आणि पैशाच्या कौशल्याला एक असा शत्रु आहे कीं त्याच्यापुढें तें टिकत नाहीं. क्रिस्तियान ह्यूजेन्स यानें १६५७ सालीं संभाव्यतेवर जो निबंध छापला त्याच्या शेवटीं दोन खेळाडूंपैकीं एकाचे पैसे संपेपर्यंत चालणाऱ्या खेळाचा प्रश्न घातला आहे. त्याचें सोपें रूप असें: दोघे अगदीं तुल्यबळ, दर वेळीं एकेक रुपया लावावयाचा, एकाजवळ शंभर, दुसऱ्याजवळ नऊशें. शंभरवाला धुऊन निघण्याचा संभव दहांत नऊ. कोणी लबाडी केलेली नाहीं, कोणी चुकलेला नाहीं, तरी दहांत नऊ!

माझ्या लहानपणीं वडिलांकडे खाडीकांठच्या एका गांवचे गृहस्थ येत. नव्या मुंबईसाठीं त्यांची भातखाचरें गेलीं आणि मोबदला हातीं आला. ते तीन पानांत पटाईत होते, असें त्यांचे शत्रुहि सांगत. चेहऱ्यावरून कधीं कांहीं कळूं दिलें नाहीं म्हणत. पण त्यांच्यासमोर बसत ते त्यांच्याहून मोठ्या थैलीचे. दोन पावसाळ्यांत मोबदला गेला. त्यानंतर ते आमच्याकडे आले ते वडिलांना मुलाच्या नोकरीसाठीं चिठ्ठी मागावयास, आणि आईनें दिलेला चहा तसाच ठेवून गेले. तो कप मला अजून दिसतो.

आपल्या पुराणकारांना हें ठाऊक होतें काय? वनपर्वांत ऋतुपर्ण राजा बेहड्याच्या झाडाचीं पानें आणि फळें न मोजतां सांगतो, नल तीं मोजून पाहतो, आणि त्या गणनविद्येबरोबर अक्षहृदय शिकतो, ही कथा सर्वांनीं वाचलेली असते. मात्र पुढली गोष्ट सहसा ध्यानांत राहत नाहीं. नल परत जाऊन पुष्करास जिंकतो तो महिनोन्‌महिने खेळून नव्हे, एकाच डावांत. आणि मग उठतो. पहिल्या वेळीं तो हरला तेव्हां मात्र महिनेच्या महिने खेळत बसला होता. विद्या फाशांची होती कीं उठण्याची, असा प्रश्न मी वर्गांत विचारीत असें, मुलें हंसत.

कायद्यानें हा वाद अलीकडे निराळ्याच रीतीनें मिटविला आहे. पोकर हा जुगारच, असें गुजरात उच्च न्यायालयानें २०१७ मध्यें म्हटलें. आणि ऑगस्ट २०२५ मध्यें संसदेनें जो कायदा केला त्यांत पैसे लावून ऑनलाइन खेळावयाचे खेळ, मग ते कौशल्याचे असोत कीं दैवाचे, सरसकट बंद केले. तेथें रमीहि गेली. ज्या भेदावर न्यायालयांनीं इतकीं वर्षें शाई खर्च केली तो भेद संसदेला नकोसा झाला.

आमच्या घरीं पैसे लावावयाचे नाहींत ही वडिलांची आज्ञा, ते गेल्यावरहि, चालू आहे. म्हणून आम्हीं चिंचोके घेतले, प्रत्येकास पन्नास. पहिले अर्धा तास मौज आली. मग पुतण्यानें ब्लाइंडवर वीस चिंचोके लोटले, आणि माझ्या वहिनींनीं हातांत सत्ती, चौरी आणि दुरी असतां हंसत हंसत तितकेच लोटले. कोणी पॅक होईना, कारण कोणाला कांहीं जात नव्हतें. घाबरावयास कोणी तयार नसल्यावर घाबरविणार कोणाला? तासाभरांत खेळ अळणी झाला. रमी याच चिंचोक्यांवर आमच्याकडे पहांटेपर्यंत चालते, आणि पांच-तीन-दोनला तर चिंचोकेहि लागत नाहींत. दीड वाजतां वहिनींनीं पानें गोळा केलीं, पिसलीं आणि तेरा-तेरा वाटावयास घेतलीं. मुलांनीं चिंचोके मोजून डब्यांत भरले. सहा कमी भरले, आणि ते कोणाच्या चौरंगाखालीं गेले यावर तंटा सुरू झाला.