खुरासणी आणि वरकस जमीन

दसरा-दिवाळीच्या सुमारास डहाणूहून पूर्वेकडे, तलासरीच्या डोंगरपाड्यांकडे निघाले की भाताच्या खाचरांच्या वरच्या अंगाला पिवळ्या फुलांचे पट्टे दिसू लागतात. सूर्यफुलाच्या कुळातले हे पीक म्हणजे खुरासणी. घाटावर यालाच कारळे म्हणतात. आजचा धागा या पिकाचा, आणि त्याहून अधिक ते ज्या जमिनीत येते त्या जमिनीचा.

नाव ऐकून इराणकडचे खुरासान आठवते. पण या पिकाचे रानटी भाऊबंद वाढतात ते इथिओपियाच्या डोंगराळ पठारावर. तिथल्याच शेतकऱ्यांनी ते प्रथम लागवडीखाली आणले. तिथे त्याला 'नूग' म्हणतात. आजही जगात हे पीक मुख्यत्वे दोनच देशांत घेतले जाते, इथिओपिया आणि भारत.

डहाणूच्या किनाऱ्यावरचा चिकूदेखील परदेशीच, मध्य अमेरिकेतला. पण त्याला पाणी, खत, कुंपण आणि फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे थांबण्याची ऐपत लागते. खुरासणी हलक्या, मुरमाड उतारावर पावसाच्या पाण्यावर येते. गुरे तिला सहसा तोंड लावत नाहीत, त्यामुळे राखणीचा त्रासही कमी. मधमाशी मात्र हवीच, कारण स्वतःच्याच परागांनी तिच्यात बी नीट धरत नाही. काळ्या, चकचकीत बियांचे तेल घाण्यावर काढायचे, थोड्या बियांची चटणी वाटायची, पेंड गुरांना घालायची. डोंगरातल्या घराला वर्षाचे तेल असे मिळे.

ज्या उतारावर ती पेरतात त्याला वरकस जमीन म्हणतात. तिचा क्रम जुना आहे: पहिल्या वर्षी नाचणी, दुसऱ्या वर्षी वरई, जमिनीचा कस उतरला की तिसऱ्या वर्षी खुरासणी किंवा तसेच एखादे काटक पीक. त्यानंतर काही वर्षे जमीन पडीक. त्या काळात तिच्यावर गवत वाढे आणि भाताच्या रोपवाटिकेत जाळायच्या राबासाठी पालापाचोळा मिळे. म्हणजे पडीक ठेवणे हा शेतीचाच एक भाग होता.

सरकारी नजरेला मात्र पडीक म्हणजे रिकामी जमीन! १८७८ च्या वन कायद्यानंतर ठाणे जिल्ह्यातील बरेच डोंगर राखीव वनांत गेले. उरलेली जमीन कर्जापायी सावकार-जमीनदारांच्या नावावर चढली आणि वारली तिच्यावरच कूळ झाले, वेठीला जुंपले गेले. वरकसवरचे गवत मुंबईच्या बाजारासाठी कापले जाऊ लागले, तेही जमीनदाराच्या मालकीचे. १९३९ साली सिमिंग्टन या अधिकाऱ्याच्या अहवालाने मुंबई इलाख्यातील आदिवासींची ही अवस्था सरकारसमोर मांडली. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळच्या झरी गावी वारल्यांची परिषद भरली आणि वेठ न करण्याचे ठरले. शामराव आणि गोदावरी परुळेकर त्या लढ्याच्या अग्रभागी होते. त्याच वर्षीच्या पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीचा संप झाला. या संपाविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. ते गवत ज्या उतारावर वाढत होते तिथे आधी काय पिकत असे, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो.

स्वातंत्र्यानंतर कूळकायदा आला. कसणाऱ्यांपैकी अनेकांना भातखाचरे मिळाली. वनखात्याच्या हद्दीतल्या उतारांचा प्रश्न २००६ च्या वनहक्क कायद्यापर्यंत लोंबकळत राहिला. त्या कायद्यानुसार १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासूनचा ताबा दाखवावा लागतो. फिरत्या पाळीने कसलेल्या जमिनीचा ताबा दाखवायचा कसा? ज्या वर्षी पाहणी झाली, त्या वर्षी तिथे गवतच असेल, तर नोंदही गवताचीच होणार.

या कायद्याच्या नियमांत पुराव्यांच्या यादीत दावेदाराखेरीज इतर वडीलधाऱ्यांचे लेखी घेतलेले जबाबही ग्राह्य धरले आहेत. कोणत्या डोंगरीवर नाचणी कधी होती आणि त्यानंतर खुरासणी कोणत्या साली फुलली, हे ज्यांना तोंडपाठ असते, त्यांची साक्ष इथे सातबाऱ्याच्या शेजारी ठेवता येते.