दिनविशेष : १३ नोव्हेंबर – गजानन माधव मुक्तिबोध

१९१७ : ग्वाल्हेर संस्थानातील श्योपूर येथे गजानन माधव मुक्तिबोध यांचा जन्म. मूळ घराणे जळगावकडचे, वडील संस्थानच्या पोलीस खात्यात. घरात मराठी, लेखन मात्र हिंदीत. कवी म्हणून त्यांची ख्याती आहेच. भाषा आणि ज्ञान यांविषयीचा त्यांचा विचार मराठीत फारसा चर्चिला गेला नाही, ही खंत. ‘एक साहित्यिक की डायरी’मध्ये त्यांनी कलेचे तीन क्षण सांगितले. पहिला उत्कट अनुभवाचा. दुसऱ्यात तो अनुभव आपल्या दुखऱ्या मुळांपासून सुटतो आणि कल्पनाचित्र बनून समोर उभा राहतो. तिसऱ्यात त्याला शब्द मिळू लागतात, आणि खरी झटापट इथेच. शब्द लिहिणाऱ्याच्या एकट्याच्या मालकीचे नसतात. समाजाने पिढ्यान्‌पिढ्या त्यांत अर्थ साठवलेला असतो. त्यामुळे लिहिता लिहिता मूळ चित्र पालटते, आणि भाषाही थोडी वाढते. ज्ञान एकीकडे नि संवेदना दुसरीकडे, ही वाटणी त्यांना मान्य नव्हती. ११ सप्टेंबर १९६४ रोजी दिल्लीत त्यांचे निधन झाले. धाकटे बंधू शरच्चंद्र मराठीत लिहीत. ‘सृष्टी, सौंदर्य आणि साहित्यमूल्य’ या ग्रंथासाठी त्यांना १९७९चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. दोघे भाऊ शेजारी ठेवून वाचावेत.