मदतनिधीसाठी सायकलफेरी काढताय? आधी वेगाचा हिशोब करा

शाळेसाठी, एखाद्याच्या ऑपरेशनसाठी किंवा गावच्या वाचनालयासाठी निधी जमवायला सायकलफेरी काढतात. पत्रकावर अंतर मोठं छापलं जातं, वेळेचा हिशोब मात्र राहून जातो. मग निम्मी मंडळी वाटेत टेम्पोत बसतात आणि किलोमीटरमागे पैसे कबूल केलेल्यांपुढे आयोजकांची पंचाईत होते.

कोकणात सपाटीचा वेग धरून चालत नाही. रत्नागिरीहून आरे-वारेमार्गे गणपतीपुळे साधारण 25 किलोमीटर. समुद्र शेजारी असला तरी रस्ता सपाट नाही. सड्यावरून खाली उतरायचं, पूल ओलांडायचा आणि पुन्हा चढायचं. इथेच बहुतेकांचं गणित चुकतं. 5 किलोमीटर चढ ताशी 6 च्या वेगाने गेलात तर 50 मिनिटं लागतात. पुढचा 5 किलोमीटर उतार ताशी 30 ने उतरलात तर 10 मिनिटं. म्हणजे 10 किलोमीटरला पुरा एक तास. सरासरी 18 नव्हे, 10 पडते. चढावर गेलेला वेळ उतारावर भरून निघत नाही, आणि तो भरून काढायला जोरात उतरणं म्हणजे वळणावर जीव धोक्यात घालणं.

लांब पल्ल्याच्या ‘बीआरएम’ फेऱ्यांत 200 किलोमीटरला साडेतेरा तास मिळतात, म्हणजे थांबे धरून ताशी 15 च्या आसपास. ते सराव असलेल्यांचं माप. बिनगियरची सायकल आणि अधूनमधून चालवणारी माणसं असतील तर चालतीचा वेग 10 ते 12 धरावा. गणपतीपुळे जाऊन-येऊन 50 किलोमीटर, 12 च्या वेगाने सव्वाचार तास. दर तासाला 10 मिनिटं थांबलं की पाच तास होतात. सकाळी 6 ला निघालात तर 11 वाजणार. त्यानंतर ऊन आणि दमट हवा, दुपारी समुद्रावरचा वारा वेगळाच. जमत नसेल तर एकाच बाजूची फेरी ठेवावी, त्यात कमीपणा नाही.

नाशिकचे डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी 2015 साली अमेरिकेतली ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पूर्ण केली. सुमारे 4,800 किलोमीटर, नऊ दिवसांच्या आत. दोघे आळीपाळीने सायकल चालवत होते. एकाने दमून पडायचं नाही, हा त्या पद्धतीचा फायदा. आपल्याकडे वयस्कर किंवा शाळकरी मुलं असतील तर निम्मं-निम्मं अंतर वाटून देता येतं.

वेग बरोबर आहे का, हे कळायला घड्याळ लागत नाही. शेजारच्याशी दोन वाक्यं धाप न लागता बोलता आली पाहिजेत. पहिल्या तासात मुद्दाम हळू जावं, कारण झेंडा दाखवला की सगळेच सुसाट सुटतात. चढ जड गेला तर उतरून चालावं. तहान लागायची वाट न बघता दर 15-20 मिनिटांनी दोन घोट पाणी घ्यावं. मीठ-साखर-लिंबू किंवा कोकम सरबत, केळी, चिक्की जवळ असू द्या.

गटाचा वेग सगळ्यात मागच्याचा धरायचा. त्याच्यासोबत एक जाणता माणूस आणि मागे गाडी हवीच. आणि देणगीदारांना वेळेचं नव्हे, अंतराचंच कबूल करा, तेही सरावात एकदा पूर्ण केलेल्या अंतराचं.