अन्नदान, औषधदान आणि घेणाऱ्याचा मान

अन्नदानाची थोरवी आपल्या समाजात लहान मुलालाही ठाऊक असते. परंतु देणाऱ्याच्या पुण्याची मोजदाद करणारे आपण लोक घेणाऱ्याच्या मनाची चौकशी क्वचितच करतो. आजच्या भाषणात ती चौकशी करावयाची आहे. मराठवाड्यात व आसपासच्या मुलखात ख्रिस्ती सेवकांनी खेड्यातील गरिबांस अन्न व औषध पुरविले. त्याचा इतिहास आपणांपुढे ठेवण्याचे मी योजिले आहे. मी काही मोठा विद्वान नव्हे. मॅट्रिक होऊन मास्तरकीस लागलो व त्याच व्यवसायात केस पिकविले. परंतु या विषयाशी माझा लहानपणापासून संबंध आहे, आणि तो प्रथम सांगितला पाहिजे.

सन १९७२-७३ च्या दुष्काळात मी बारा वर्षांचा होतो. आमचे गाव औरंगाबाद जिल्ह्यातील; आज त्या शहरास छत्रपती संभाजीनगर म्हणतात. विहिरी आटल्या, बैल गेले, आणि वडील खडी फोडण्याच्या कामावर जाऊ लागले. कामावर सुकडी मिळे, आणि मिलो नावाची तांबडी परदेशी ज्वारी सरकारी दुकानातून येई. एके दिवशी परगावच्या कोण्या धर्मादाय मंडळीने धान्य वाटण्याचे योजिले. आम्हांस दोन प्रहरच्या उन्हात ओळीने बसविण्यात आले; लांबलचक भाषणे झाली; मग एकेकास उभे करून पिशवीसह त्याचे छायाचित्र घेण्यात आले. वडिलांनी मान वर केली नाही. घरी आल्यावर ते आजीस इतकेच म्हणाले, "आई, धान्य चांगलं आहे, पण उद्यापासून मी जाणार नाही." ती मंडळी कोणत्या धर्माची होती, हे येथे महत्त्वाचे नाही. वडिलांची ती खाली गेलेली मान मात्र माझ्या मनातून कधी गेली नाही.

आता इतिहासाकडे वळू. आपल्या भागात या कार्याचा आरंभ शोधू लागल्यास नारायण शेषाद्री यांचे नाव पुढे येते. हे ब्राह्मण घराण्यातील गृहस्थ मुंबईस स्कॉटिश मिशनच्या शाळेत शिकले आणि सन १८४३ साली त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यांचा धाकटा भाऊ श्रीपत याच्या प्रकरणावरून मुंबईत केवढा गदारोळ उडाला आणि बाळशास्त्री जांभेकरांनी त्या मुलास पुन्हा जातीत घेण्यासाठी किती खटपट केली, हे इतिहासाच्या वाचकांस ठाऊकच आहे. पुढे नारायण शेषाद्रींनी जालना हे आपले कार्यक्षेत्र केले. जालना त्या काळी निजामाच्या राज्यात होते, आणि सन १९८१ पर्यंत ते औरंगाबाद जिल्ह्यातच मोडत असे. निजामाचे दिवाण सालारजंग यांच्याकडून मिळालेल्या जमिनीवर शेषाद्रींनी जालन्याजवळ बेथेल नावाची वसाहत उभारली. तेथे आलेली कुटुंबे बहुतांशी मांग व महार समाजातील होती. गावाबाहेर राहणाऱ्यांस स्वतःची जमीन, स्वतःचे घर आणि मुलांस शाळा मिळाली. ही गोष्ट त्या काळी लहान नव्हती.

पुढे दुष्काळ आले. सन १८७६ ते १८७८, सन १८९६-९७ आणि सन १८९९-१९०० या वर्षांनी दख्खनची दाणादाण उडविली. सन १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि उपाशी, निराधार मुलींस आपल्याबरोबर घेऊन आल्या. केडगावचे मुक्ती सदन त्यातूनच वाढले. रमाबाई मुलींस जेवू घालून थांबल्या नाहीत. त्यांस लिहावयास, विणावयास, छापखाना चालवावयास शिकविले. पोटास घातलेला घास एका दिवसात संपतो, परंतु हातास शिकविलेला धंदा जन्मभर पुरतो, हे त्यांनी जाणले होते.

औषधोपचाराच्या बाबतीत मिरजेचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. मूळचे कॅनडातील डॉ. विल्यम वानलेस हे अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे सन १८८९ साली हिंदुस्थानात आले आणि सन १८९४ साली त्यांनी मिरजेस इस्पितळ उघडले. मिरज हे रेल्वेचे जंक्शन, त्यामुळे दूरदूरचे रोगी तेथे येऊ लागले. मोतीबिंदूने आंधळा झालेला मनुष्य तेथून डोळस होऊन परते, आणि त्याच्यामागून त्याच्या गावचे आणखी पाच आंधळे मिरजेची वाट धरीत. सन १८९७ साली वानलेस यांनी एतद्देशीय तरुणांस वैद्यकी शिकविण्यासाठी शाळाही काढली. सन १९२८ साली त्यांस 'सर' हा किताब मिळाला, आणि सन १९३३ साली ते निवर्तले.

येथे एक आक्षेप विचारात घेतला पाहिजे. अन्न व औषध हे धर्मांतराचे आमिष आहे, असे अनेकांनी म्हटले, आणि महात्मा गांधींनी आपल्या 'हरिजन' पत्रातून हा आक्षेप वारंवार मांडला. तो हसण्यावारी नेण्यासारखा नाही. भुकेल्याच्या पुढे ताट ठेवून त्याच्या देवाविषयी प्रश्न करणे हा त्याच्या भुकेचा गैरफायदा होय, मग तो कोणीही करो. परंतु या आक्षेपाची दुसरी बाजूही आहे. ज्या माणसास गावच्या पाणवठ्यावर हात लावता येत नव्हता, त्याच्या जखमेस परक्या देशातील डॉक्टरने हात लाविला, तेव्हा त्याचे मन तिकडे ओढले गेले, यात दोष कोणाचा? आमिष दाखविणाऱ्याचा जितका, तितकाच त्याला उपाशी व अस्पृश्य ठेवणाऱ्यांचाही नव्हे काय?

या प्रश्नाचे मला पटलेले उत्तर जामखेडने दिले. बीड जिल्ह्याच्या सीमेलगत, पूर्वीच्या अहमदनगर व आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात जामखेड हे दुष्काळी तालुक्याचे ठिकाण आहे. डॉ. रजनीकांत आरोळे हे राहुरीचे, शिक्षक आईबापांचे पुत्र. त्यांच्या पत्नी डॉ. मेबल. दोघे वेलोर येथील ख्रिस्ती वैद्यकीय महाविद्यालयात शिकले आणि आयुष्य खेड्यातील गरिबांस द्यावयाचे, असा निश्चय त्यांनी विवाहाच्या वेळीच केला. प्रथम वडाळा येथील मिशन इस्पितळात काम करताना त्यांच्या ध्यानात आले की, बरा होऊन गेलेला रोगी तोच आजार घेऊन पुन्हा येतो, कारण गावचे पाणी तेच, उपासमार तीच, अज्ञानही तेच. अमेरिकेत पुढील शिक्षण घेऊन ते परतले आणि सन १९७० साली जामखेडास जनावरांच्या जुन्या दवाखान्यात त्यांनी आपले कार्य आरंभिले. ख्रिस्ती मंडळ्यांचे साहाय्य त्यांस होते.

दोन डॉक्टर आले म्हणजे लोक औषध मागतील, अशी आपली कल्पना. परंतु लोकांनी मागितले अन्न आणि पाणी. आरोळे दांपत्याचे मोठेपण असे की, त्यांनी लोकांचे म्हणणे ऐकले. गावोगावी लहान मुलांसाठी सामुदायिक स्वयंपाकघरे सुरू झाली. प्रारंभी धान्य बाहेरून आले, पुढे शेतकऱ्यांनी जमीन देऊन ते पिकविण्यास हातभार लाविला, आणि चूल तरुण शेतकऱ्यांच्या मंडळांनी सांभाळली. निरनिराळ्या जातींची मुले एका पंगतीस बसली. विंधन विहिरींची जागा ठरविताना दलित वस्तीस प्राधान्य मिळेल अशी योजना केली गेली. ज्या वस्तीची सावलीही टाळली जाई, तेथे पाण्यासाठी सवर्ण बायांस घागर घेऊन जावे लागले. तहानेने जे काम केले, ते शंभर व्याख्यानांनी झाले नसते!

आरोग्याचे काम त्यांनी गावातील बायांच्याच हाती दिले. त्यांपैकी पुष्कळ जणी निरक्षर होत्या, पुष्कळ दलित होत्या. जामखेडास येऊन त्या एकत्र शिकत, एकत्र जेवीत, एकत्र निजत. जुलाबाने सुकलेल्या मुलास मीठसाखरेचे पाणी कसे द्यावे, बाळंतपण स्वच्छतेने कसे करावे, कुष्ठरोग व क्षय कसा ओळखावा, हे शिकून त्या आपापल्या गावी परतत. सन १९७१ साली त्या भागात जन्मणाऱ्या दर हजार मुलांमागे १७६ मुले वर्षाच्या आत दगावत, असे संस्थेच्या नोंदीत आढळते. पुढील पंचवीस वर्षांत हा आकडा तिसाच्या खाली उतरला. जागतिक आरोग्य संघटनेने सन १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या कार्याची दखल घेतली. सन १९७९ साली उभयतांस मॅगसेसे पुरस्कार मिळाला. मेबल सन १९९९ साली व रजनीकांत सन २०११ साली निवर्तले, परंतु गावच्या बायांस आलेले ज्ञान त्यांच्याबरोबर गेले नाही.

श्रोतेहो, बेथेलमध्ये जमीन दिली गेली, केडगावी धंदा दिला गेला, मिरजेस दृष्टी दिली गेली. जामखेडास मात्र घेणाऱ्यालाच देणारा करण्यात आले. माझ्या मते दानाची कसोटी हीच आहे. देणाऱ्याने कोणत्या देवाचे नाव घेतले, यापेक्षा घेणाऱ्याची मान खाली गेली की वर आली, हे पाहावे.

माझे वडील आज हयात नाहीत. दुष्काळ सरल्यानंतर ओटीवर बसून ते एकदा म्हणाले होते, "दिलं त्यांनी खरं, पण विचारलं कोणीच नाही." बारा वर्षांच्या मुलास ते कळले नव्हते. आरोळे दांपत्याने गावाला आधी विचारले आणि मग दिले, हे वाचले तेव्हा ते मला कळले.