कामगारांच्या वतीने कोण बोलणार?

संपाचा इतिहास लिहिताना आपली लेखणी बहुधा आकड्यांच्या मागे धावते. किती लाख माणसे बाहेर पडली, किती दिवस भोंगे मुके राहिले, पगारात शेकडा किती वाढ मिळाली वा किती कपात टळली, एवढे सांगितले की संपाची हकीकत पुरी झाली असे आपण मानतो. मुंबईच्या गिरणी कामगारांविषयीचे जुने अहवाल आणि चौकशी समित्यांचे वृत्तांत मी बरीच वर्षे वाचीत आलो आहे. या वाचनातून माझे मत असे बनले आहे की, पगार, बोनस, कामाचे तास हे सारे झगडे खरे असले, तरी त्यांच्या बुडाशी आणखी एक झगडा सतत चालू होता. कामगारांच्या वतीने बोलायचे कोणी, आणि ते ठरवायचे कोणी, हा तो झगडा. मालक दाराशी आलेल्या शिष्टमंडळाला 'तुम्हांला काय हवे?' असे विचारण्याआधी 'तुम्ही कोण?' असे विचारी; आणि या दुसऱ्या प्रश्नापाशीच बोलणी पुष्कळदा थांबत.

कावसजी नानाभाई दावर यांनी १८५४ साली काढलेल्या कंपनीची गिरणी १८५६ साली ताडदेवला सुरू झाली. पुढे वीस वर्षांच्या आत, १८७५ साली, गिरणीमालकांनी आपला संघ स्थापन केला. मालकांच्या वतीने कोण बोलणार हा प्रश्न अशा रीतीने चटकन सुटला. त्यांचे सभासद मोजके, त्यांचे दप्तर नीट आणि त्यांचा चिटणीस पगारी. कामगारांपाशी यातले काहीच नव्हते. १८८१ च्या कारखाने कायद्याने लहान मुलांना थोडे संरक्षण दिले. मोठ्या माणसाच्या कामाच्या तासांना मात्र त्यात मर्यादा नव्हती. दिवस उजाडला की गिरणी सुरू आणि मावळला की बंद, हेच घड्याळ.

अशा वेळी नारायण मेघाजी लोखंडे पुढे आले. जोतीराव फुल्यांचे अनुयायी, काही काळ गिरणीत स्टोअरकीपर आणि नंतर 'दीनबंधु'चे संपादक, असा हा माणूस. सप्टेंबर १८८४ मध्ये परळला त्यांनी कामगारांच्या सभा भरविल्या आणि सुमारे ५,५०० सह्यांचा अर्ज तयार केला. आठवड्यातून एक दिवस सुटी, दुपारी अर्धा तास विश्रांती, पगार पुढल्या महिन्याच्या १५ तारखेपर्यंत मिळावा, कामावर जायबंदी झालेल्याची सोय व्हावी, अशा त्यातल्या मागण्या होत्या. त्या वाचताना आज मन संकोचते, इतक्या त्या साध्या आहेत. २४ एप्रिल १८९० रोजी महालक्ष्मीच्या मैदानावर झालेल्या सभेला सुमारे दहा हजार कामगार जमले आणि दोन स्त्रियांनी तेथे भाषणे केली. १० जून १८९० रोजी मालकांच्या संघाने साप्ताहिक सुटी मान्य केली.

आता गंमत पाहा. ज्या सरकारने १८९० च्या कारखाना आयोगाच्या कामात लोखंड्यांना मुंबईपुरते सहभागी करून घेतले, त्याच सरकारच्या दोन वर्षांनंतरच्या अहवालात असा शेरा आहे की, लोखंड्यांच्या मंडळापाशी सभासदांची यादी नाही, निधी नाही, नियम नाहीत. हे गृहस्थ म्हणजे येईल त्या मजुराला सल्ला देणारे एक हौशी सल्लागार. शेरा तांत्रिक दृष्ट्या खोटा नव्हता. पण त्या यादीवाचून हजारो माणसे मैदानावर आली आणि रविवारची सुटी घेऊन घरी गेली, हेही खोटे नव्हते. कागदावरचे प्रतिनिधित्व आणि मनातले प्रतिनिधित्व यांची पहिली ताटातूट मला येथे दिसते. पुढे ती वाढतच गेली.

मग रोजच्या व्यवहारात कामगारांच्या वतीने बोले कोण? जॉबर. माणूस कामावर घेणारा तोच, काढणारा तोच, बदलीचे काम कोणाला द्यायचे हे ठरविणाराही तोच. वाइंडिंग खात्यातल्या बायकांवर नाईकीण असे. गावाकडून आलेल्या पोराला चाळीत जागा नि खानावळीत उधारी मिळवून देणारा जॉबर त्याच्याकडून दस्तुरीही उकळी. मालकाला तो सोयीचा होता. एका माणसाशी बोलले की शंभरांशी बोलल्यासारखे होई. पण हा मध्यस्थ दोन्ही बाजूंचे मीठ खाणारा. एका खात्याचा संप तो घडवू शके आणि मोडूही शके. सगळ्या शहराच्या कामगारांचा आवाज होणे त्याच्या आवाक्याबाहेरचे होते. जुलै १९०८ मध्ये लोकमान्यांना शिक्षा झाली तेव्हा कामगारांनी सहा दिवस काम बंद ठेवले. त्यामागे युनियन नव्हती, वर्गणी नव्हती. आपल्या वतीने बोलणारा माणूस तुरुंगात टाकला, एवढेच त्यांना कळले होते.

१९२५ साली मालकांनी पगारात शेकडा ११॥ कपात जाहीर केली. कामगार जवळजवळ तीन महिने बाहेर राहिले. सरकारने डिसेंबरात कापडावरील जकात तहकूब केली आणि मालकांनी कपात मागे घेतली. लगोलग १९२६ च्या आरंभी ना. म. जोशी यांनी रीतसर घटना, हिशेब आणि सभासद असलेली युनियन उभारली. त्याच वर्षी ट्रेड युनियनचा कायदाही झाला. त्याने युनियनला नोंदणी दिली, संरक्षण दिले. पण मालकाने तिच्याशी बोलले पाहिजे असे बंधन कोठेही घातले नाही. १९४७ साली तशी दुरुस्ती मंजूर झाली खरी. ती अंमलात मात्र कधीच आली नाही.

१९२८ चा सार्वत्रिक संप याच पोकळीत जन्माला आला. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, कताई खात्यात एकाने दोन बाजू सांभाळाव्यात, अशा योजना काही गिरण्यांनी आणल्या. बिघडलेले कापड विणकराच्या माथी मारून त्याची किंमत पगारातून कापण्याची जुनी चालही होतीच. एप्रिलच्या अखेरीस सुमारे दीड लाख कामगार बाहेर पडले, ते ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत परतले नाहीत. मे महिन्यात गिरणी कामगार युनियन स्थापन झाली. डांगे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर ही शिकलेली मंडळी तीत होती. पण अर्जुन आत्माराम आळवे आणि कासले हे गिरणीत काम केलेले पुढारीही होते, हे मला अधिक महत्त्वाचे वाटते. जोशींच्या युनियनसह संयुक्त संप समिती झाली, १७ मागण्या पुढे आल्या आणि शेवटी न्यायमूर्ती फॉसेट यांची चौकशी समिती नेमून संप मिटला.

संपानंतर युनियनने गिरणीगणिक समित्या निवडल्या. माझ्या समजुतीप्रमाणे या चळवळीतला हा सर्वांत मोलाचा प्रयोग. जॉबरच्या जागी खात्यातल्यांनीच निवडलेला माणूस तक्रार घेऊन साहेबापुढे उभा राहणार होता. मालकांना नेमके हेच नको होते. युनियनच्या पुढाऱ्यांशी एक वेळ बोलू, पण आमच्याच खात्यातला मजूर आम्हांला जाब विचारणार, हे कसे चालेल? मार्च १९२९ मध्ये मीरतच्या खटल्यासाठी प्रमुख पुढारी पकडले गेले. त्यांत आळवे आणि कासलेही होते. त्याच वर्षीचा दुसरा मोठा संप फसला आणि समित्यांचा प्रयोग त्याखाली चिरडला.

परंतु सारा दोष मालक आणि सरकार यांच्या पदरी टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. विणकाम खात्यात पगार बरा असे आणि त्या खात्यात अस्पृश्य कामगारांना शिरकाव नव्हता. तुटलेला धागा तोंडाने ओढून धोट्यात घ्यावा लागे, तेथे विटाळ आडवा येई. १९२८ च्या संपात डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे रोखठोक मांडला. 'आम्ही सर्व कामगारांच्या वतीने बोलतो' असे म्हणणाऱ्याला 'सर्व म्हणजे कोण?' असे त्याच्याच माणसांतून विचारले गेले. तो प्रश्न आजही प्रत्येक संघटनेने आपल्याला विचारावा अशा योग्यतेचा आहे.

यानंतर या प्रश्नाचे उत्तर कायद्याने द्यायचे ठरले. १९३४ साली सरकारी कामगार अधिकारी नेमला गेला. आता तक्रार घेऊन जाणाराही सरकारच देणार! १९३८ साली काँग्रेस मंत्रिमंडळाने औद्योगिक कलहांचा कायदा आणला. त्याविरुद्ध ७ नोव्हेंबर १९३८ रोजी स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट यांनी मिळून एक दिवसाचा संप केला. संपाचा हक्क म्हणजे स्वातंत्र्याच्या हक्काचेच दुसरे नाव, अशी आंबेडकरांची त्या वेळची भूमिका होती. पुढे १९४६ चा मुंबई औद्योगिक संबंध कायदा झाला. या कायद्याचे घराणे अहमदाबादचे. तेथे १९१८ च्या संपानंतर, १९२० साली, मजूर महाजन उभे राहिले होते. एक संघटना, लवाद आणि समेट ही त्याची रीत होती. मुंबईचे मजूरमंत्री गुलझारीलाल नंदा हे त्याच महाजनातून आलेले.

कायद्याची कल्पना वाईट नव्हती. एका धंद्यात चार युनियना, चौघींचे चार झेंडे. मालकाने करार करावा तरी कोणाशी? म्हणून ठरावीक प्रमाणात सभासद असलेल्या एकाच युनियनला 'प्रातिनिधिक' म्हणायचे आणि तिचा करार सगळ्यांना बांधील करायचा. उणीव होती ती एकच: हे प्रतिनिधित्व मतदानाने नव्हे, तर दप्तरी नोंदींची तपासणी करून ठरणार होते. लोखंड्यांपाशी यादी नव्हती म्हणून ते कोणी नव्हते. आता ज्याच्यापाशी यादी तो सर्व काही, असा उलटा न्याय झाला. मुंबईत ही जागा राष्ट्रीय मिल मजदूर संघाकडे आली. १९५० साली समाजवाद्यांच्या मिल मजदूर सभेने बोनससाठी ६३ दिवसांचा संप केला. कामगार तिच्यामागे गेले, करार करण्याचा हक्क मात्र दुसरीकडे होता. संप हरला.

माझे वडील साचे खात्यात होते. त्यांच्या ट्रंकेत दोन निरनिराळ्या युनियनांच्या वर्गणीच्या पावत्या दोन सुतळ्यांनी बांधलेल्या असत. हा दुहेरी खर्च कशासाठी, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "बाबा रे, एक पावती नोकरीसाठी, एक मनासाठी." त्यांच्या खात्यातल्या पुष्कळांच्या घरी असेच होते. नोंदवहीत त्यांचे नाव कोठे आहे हे निबंधकाला सहज मोजता आले असते. मन कोठे आहे हे मोजायची सोय कायद्यात नव्हती.

१९६९ साली गजेंद्रगडकर आयोगाने युनियनला मान्यता देणे सक्तीचे करावे, अशी शिफारस केली. गिरण्यांतली घडी तशीच राहिली. ऑक्टोबर १९८१ मध्ये दिवाळीच्या बोनसवरून असंतोष पेटला आणि कामगार आपण होऊन डॉ. दत्ता सामंतांच्या दारी गेले. १८ जानेवारी १९८२ पासून सुमारे अडीच लाख माणसे बाहेर पडली. त्यांच्या मागण्यांत पगारवाढीइतकीच ठळक मागणी १९४६ चा तो कायदा रद्द करण्याची होती. मालक म्हणाले, आम्ही प्रातिनिधिक युनियनशीच बोलू. कामगार म्हणाले, ती आमची नव्हे. ज्याच्यामागे लोक त्याला कायदा ओळखीना, आणि कायदा ज्याला ओळखी त्याच्यामागे लोक जाईनात. महिने गेले, वर्ष उलटले. भांडी विकली, सोने विकले, माणसे गावी परतली. संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. तो विरून गेला. त्याबरोबर गिरण्याही विरत गेल्या. धंद्याची जुनी यंत्रे, यंत्रमागांची चढाओढ, जमिनीचे वाढते मोल ही कारणे होतीच. पण समोरासमोर बसायला दोन्ही बाजूंना मान्य असा माणूस असता, तर निदान एवढ्या घरांची राखरांगोळी होण्याआधी बोलणे झाले असते.

२०२० साली संसदेने केलेल्या औद्योगिक संबंध संहितेत शेकडा ५१ सभासद असलेल्या युनियनला वाटाघाटींचा एकमेव हक्क दिला आहे; तसे बहुमत कोणापाशीच नसेल तर अनेक युनियनांचे मंडळ बसायचे आहे. पूर्वीच्या मानाने ही पायरी वरची म्हणावी लागेल. तथापि कंत्राटावर राबणारा, आज येथे तर उद्या तिथे काम करणारा मजूर त्या शंभरांत धरला जातो की नाही, यावर तिचे मोल ठरेल. हजेरीपटावर ज्याचे नावच नाही, त्याच्या वतीने कोण बोलणार? १८८४ साली परळच्या सभेत ज्यांनी सह्या नि अंगठे दिले, त्यांची अडचण अशीच होती. त्यांनी मान्यतेची वाट पाहिली नाही. अर्ज आधी लिहिला. आपण कोण आहोत, हे अर्जावरच्या नावांनी सांगितले.