नायगावचं पत्र आणि विधानसभेचा ठराव

२४ मार्च २०२५ रोजी महाराष्ट्र विधानसभेने एक ठराव एकमताने मंजूर केला. महात्मा जोतीराव फुले आणि सावित्रीबाई फुले यांना भारतरत्न द्यावं, अशी केंद्राला शिफारस करणारा. मांडला राजशिष्टाचार मंत्री जयकुमार रावल यांनी. आम्हा सातारकरांना त्याचं अप्रूप जरा जास्तच. जोतीरावांचं मूळ गाव खटाव तालुक्यातलं कटगुण आणि सावित्रीबाईंचं माहेर शिरवळजवळचं नायगाव.

अशा ठरावाने केंद्र बांधलं जात नाही. भारतरत्नाची शिफारस पंतप्रधान राष्ट्रपतींकडे करतात. शिवाय हा किताब १९५४ चा. जोतीरावांना 'महात्मा' तर लोकांनीच ११ मे १८८८ रोजी मुंबईत मांडवीच्या कोळीवाड्यात म्हटलं होतं. तरीही ठराव मला हवा वाटतो, कारण तो सभागृहाच्या कामकाजात छापला जातो. शंभर वर्षांनी कुणी विचारलं, तर दाखवायला कागद असतो.

कागदाचं हे महत्त्व मला त्याच वर्षी जानेवारीत कळलं होतं. फातिमा शेख नावाची शिक्षिका झालीच नाही, ती आपणच रचली, असा दावा एका पत्रकाराने समाजमाध्यमावर केला. आमच्या ओळखीतलेही काही जण लगेच म्हणाले, "बघा, आम्हाला वाटलंच होतं."

मी सावित्रीबाईंचं समग्र वाङ्मय काढून बसलो. आजारी पडून त्या नायगावला माहेरी आल्या होत्या. तिथून १० ऑक्टोबर १८५६ रोजी त्यांनी जोतीरावांना पत्र लिहिलं. महार-मांगांसाठी काम करता म्हणून भावाने दोघांना बोल लावला. त्यावर सावित्रीबाईंनी त्याला विचारलं, तू गाय-बकरी कुरवाळतोस, नागपंचमीला नागाला दूध पाजतोस, मग माणसांनीच काय केलं? हे सगळं सविस्तर आहे. आणि त्याच पत्रात, अगदी जाता जाता, पुण्याची काळजी: फातिमाला त्रास होत असेल, पण ती तक्रार करायची नाही.

एवढंच. ना आडनाव, ना कौतुक. घरच्या माणसाबद्दल आपण असंच लिहितो. सोंग रचणाऱ्याने याहून जास्त लिहिलं असतं.

फातिमालाही भारतरत्न द्या, असं माझं म्हणणं नाही. पण ज्या पुस्तकात हे पत्र आहे, ते मा. गो. माळी यांनी संपादित केलं आणि महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने १९८८ साली छापलं. म्हणजे तिचंही नाव सरकारी कागदावर आहेच.